डावीकडे वळवली की बंद

मागे एकदा मी आपल्या राजेंद्रनगर स्टेशनावरच्या जुन्या मीटरगेज गाडीबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर सकाळी फिरताना भेटणाऱ्या दोघातिघांनी विचारलं, "काका, तुमची ती हिरवी चेतक अजून आहे का हो?" आहे. पोर्चमध्ये जुन्या चादरीखाली उभी आहे. आणि गेल्या दिवाळीत तिच्यामुळे मला चाळीस वर्षांचा एक हिशेब पुन्हा उघडावा लागला, तो आज लिहितो आहे. जरा लांबेल.

झालं असं की दिवाळीच्या साफसफाईत चादर काढली तर इंजिनाच्या बाजूच्या पॅनेलमध्ये उंदरांनी घर केलेलं. कापूस, शेंगांची टरफलं आणि तारांवरच्या प्लॅस्टिकचे रंगीबेरंगी तुकडे. तीन ठिकाणी तांबं उघडं पडलेलं, एका ठिकाणी तार पार तुटलेली. नातू पुण्याहून आला होता, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने मोबाइल काढला आणि म्हणाला, "आबा, या गाडीची पूर्ण वायरिंग तयार मिळते. जुनी काढून फेकू, नवी घालू, दोन तासांचं काम." त्याचं चूक नव्हतं. पण अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस जुनी फाइल वाचल्याशिवाय फाडत नाही. मी म्हटलं, आधी उघडून तर बघू आत काय काय आहे.

आत काय होतं ते सांगण्याआधी ही गाडी घरात कशी आली ते सांगतो, कारण आजच्या मुलांना ते पटतच नाही. तेव्हा स्कूटर रेशनच्या साखरेसारखी मिळायची. १९६० सालचा सरकारचा नियंत्रण आदेश होता. नंबर लावायचा तर पोस्टात अडीचशे रुपये ठेवायचे, ते पासबुक विक्रेत्याच्या नावे तारण द्यायचं आणि मग वर्षं मोजत बसायचं. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजचा कारखाना. इटलीच्या पियाजिओशी असलेला त्यांचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून गाडीला 'चेतक' हे नाव मिळालं. पुढे साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये 'प्रिया' तयार व्हायला लागली. लखनौच्या सरकारी कारखान्याची विजय सुपर होती, पण आपल्या मराठी घरांना पुण्या-साताऱ्याचीच गाडी हवी असायची, त्याला इलाज नाही. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर भरले तर नंबर पुढे यायचा. त्या काळात कितीतरी लोकांना अमेरिकेतले लांबचे भाचे अचानक आठवले होते.

आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, १९७२ मध्ये नंबर लावला. तेव्हा मी नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि नोकरीच्या शोधात होतो. पत्र आलं १९८० मध्ये. तोवर मी बँकेत लागून सात वर्षं झाली होती, लग्न झालं होतं, आम्ही राजेंद्रनगरला राहायला आलो होतो, आणि नाना निवृत्त होऊन त्यांना मोतीबिंदूने नीट दिसेनासं झालं होतं. ज्या माणसाने आठ वर्षं वाट पाहिली तो गाडीवर बसला तो माझ्या मागे. राजवाड्यापर्यंत आम्ही जाऊन आलो. घरी उतरल्यावर म्हणाले, "आवाज चांगला आहे."

राजेंद्रनगर तेव्हा इंदूरच्या बाहेरच होतं म्हणा ना. आग्रा-मुंबई रस्ता, पलीकडे शेतं, रात्री ट्रकचे दिवे. बँक सात-आठ किलोमीटर लांब. स्कूटर बंद पडली की माणूस अडकला.

आणि बंद पडायची ती बहुतेक वेळा तारांमुळे. इंजिन दणकट होतं, कार्ब्युरेटर साफ करायला मी स्वतः शिकलो होतो, पण वीज दिसत नाही ना. आता थोडं मिस्त्रीकाम सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा.

माझ्या गाडीला बॅटरीच नव्हती. चाकासारखं एक लोहचुंबक इंजिनाबरोबर फिरायचं आणि त्याच्या आत बसवलेल्या वेटोळ्यांत वीज तयार व्हायची, त्याला मॅग्नेटो म्हणायचे. एका वेटोळ्याची वीज प्लगच्या ठिणगीसाठी, बाकीची दिव्याला आणि हॉर्नला. म्हणून गाडी हळू केली की दिवा मिणमिणायचा आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला की रस्ता उजळायचा. रात्री चौकात उभं असलेला स्कूटरवाला उगाच घूं-घूं करायचा तो ऐटीसाठी नव्हे, खड्डा दिसावा म्हणून. सगळा मामला सहा व्होल्टचा. त्यात गंमत अशी की बारा व्होल्टला जेवढा दिवा लागतो तेवढाच सहा व्होल्टला लावायचा तर तारेतून दुप्पट करंट जावा लागतो. त्यामुळे कुठे जरासा गंज, जरासा सैल जोड असला की दिव्यापर्यंत पोचेपर्यंत निम्मी वीज वाटेतच खलास. शिवाय बल्ब एकमेकांचा भार वाटून घ्यायचे. एक उडाला की त्याच्या वाट्याची वीज दुसऱ्यावर, मग तोही उडणार. हेडलाइट गेला त्याच मिनिटाला मागचा लाल दिवाही गेला, असं तुमच्यापैकी ज्यांनी जुनी स्कूटर चालवली आहे त्या प्रत्येकाने भोगलं असेल. आणि परतीची तार बहुतेक ठिकाणी नव्हतीच, गाडीचा लोखंडी सांगाडा हीच परतीची वाट. म्हणजे कुठलीही उघडी पडलेली तार पत्र्याला टेकली की काम संपलं.

यातली एक तार विशेष. गाडी बंद करण्याच्या बटणाकडे ती जायची. बटण दाबलं की ही तार पत्र्याला जोडली जायची, ठिणगीची वीज सांगाड्यात मुरायची आणि इंजिन बंद व्हायचं. लक्षात ठेवा ही तार.

१९८२ च्या पावसाळ्यात माझी गाडी एक विचित्र खोड करायला लागली. सरळ रस्त्यावर मस्त चालायची. घराच्या गल्लीत डावीकडे वळलो की भक्कन बंद. एका गॅरेजवाल्याने प्लग बदलला. दुसऱ्याने कंडेन्सर बदलला, पॉइंट घासले. तिसरा म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी आहे. आठ दिवसांत पैसे गेले आणि गाडी तशीच. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, त्या वळणावरच काहीतरी आहे, एक नारळ फोडा. नारळ फोडला, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मग कोणीतरी उस्तादकडे जा म्हणालं. आग्रा-मुंबई रस्त्यावर, आपल्या कॉलनीच्या जरा पुढे, लिंबाच्या झाडाखाली त्याची टपरी होती. गोणपाटाचं छप्पर, एक लाकडी खोकं, आणि टेम्पोवाल्यांची गर्दी. त्याचं खरं नाव मला नंतर फायलीवरून कळलं, पण ते इथे देत नाही. सगळे उस्तादच म्हणायचे, वय असेल तेव्हा तिशीच्या आत. उंचापुरा, कायम एक पाय खोक्यावर. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे दोन तारा डाख देऊन जोडलेला एक छोटा बल्ब. त्याच्याने तो वीज कुठे आहे, कुठे नाही ते बघायचा. डाख द्यायची सळई स्टोव्हवर तापवायची.

त्याने गाडीला हात लावला नाही. आधी विचारलं, "साहब, बंद कब होती है?" मी सांगितलं. बाकी तिघांनाही सांगितलं होतं, पण त्यांनी ऐकलं नव्हतं. उस्तादने गाडी स्टँडवर घेतली, सुरू केली आणि हँडल हळूहळू डावीकडे वळवलं. शेवटच्या दोन बोटांवर आलं आणि इंजिन गप्प. उजवीकडे वळवलं, काही नाही. पुन्हा डावीकडे, पुन्हा गप्प. मग इंजिनाजवळच्या जोडाच्या डबीचं झाकण काढून त्याने एक तार सोडवली, गाडी सुरू केली, हँडल डावीकडे पार टोकापर्यंत नेलं. इंजिन चालूच. "बस," म्हणाला.

ती बंद करण्याच्या बटणाची तार होती. हँडलच्या मानेत, जिथे सगळ्या तारा वर चढतात, तिथे प्रत्येक वळणाला ती दुमडत होती. दोन वर्षांत वरचं आवरण झिजलं, तांबं उघडं पडलं आणि डावीकडे वळलं की ते पत्र्याला टेकायचं. म्हणजे मी प्रत्येक वेळी डावीकडे वळताना, न कळत, बटणच दाबत होतो.

नवी तार घालताना त्याने जे केलं ते मी बँकेत लोकांना शिकवताना कितीदा सांगितलं आहे. जुनी तार ओढून काढून टाकली नाही. तिच्या टोकाला नवी तार बांधली आणि दुसरीकडून जुनी हळूहळू ओढली, म्हणजे नवी तिच्याच वाटेने सांगाड्याच्या पोटातून वर आली. मग मानेजवळ जरा ढील ठेवून एक वळसा दिला, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. जोडाला डाख दिला, त्यावर सुती नळी, तिच्या दोन्ही टोकांना दोऱ्याची गाठ. सात रुपये घेतले.

पुढे आठ वर्षं माझी गाडी त्याच्याशिवाय कोणी उघडली नाही.

१९८३ च्या १५ ऑगस्टला सरकारने सुशिक्षित बेरोजगारांसाठी स्वयंरोजगार योजना जाहीर केली. तुमच्यापैकी बँकवाल्यांना आठवत असेल. दहावी पास, वय अठरा ते पस्तीस, पंचवीस हजारांपर्यंत कर्ज, तारण नाही, आणि पंचवीस टक्के सबसिडी. ती सबसिडी हातात मिळायची नाही, बँकेतच मुदत ठेवीत राहायची आणि कर्ज फिटत आल्यावर वळती व्हायची. वरून आकडे यायचे, अमुक शाखेने इतकी कर्जं द्यायचीच. आमच्याकडे बहुतेक अर्ज किराणा आणि शिलाई मशीनचे. त्यांतली किती मशीनं खरंच आली आणि किती नुसत्या बिलावर आली, तो वेगळा लेख होईल.

उस्ताद दहावी पास होता. मीच त्याला अर्ज दिला. प्रकरण माझ्याच टेबलावरून गेलं. यंत्रसामग्रीची यादी आजही तोंडपाठ आहे: बॅटरी चार्जर, डायनामोचं आर्मेचर तपासायचं यंत्र, विजेवरची डाख सळई, एक व्हाइस, आणि पत्र्याची पक्की टपरी. तपासणीला गेलो तर सगळी यंत्रं जागेवर, पत्र्यावर बँकेचं नाव रंगवलेलं. माझ्या कारकिर्दीतलं हे एक स्वच्छ कर्ज. त्या दिवशी त्याने चहा पाजला. गाडीचं काम करून पैसे घेईना, म्हणाला, "आपसे कैसे लूँ?" मी म्हटलं, घेतले नाहीस तर मी पुन्हा येणार नाही. कर्जदाराकडून फुकट काम करून घेणारे अधिकारी मी पाहिले होते. तेव्हापासून तो माझ्याकडून बिलाप्रमाणे पैसे घ्यायचा आणि मी सुट्टे मोजून द्यायचो.

आता पीथमपूर. आपल्या राजेंद्रनगरचा तरुण वर्ग त्या काळात सकाळी सहा-साडेसहाला कंपनीच्या बसची वाट पाहत रस्त्यावर उभा असायचा, आठवतंय ना? पंचवीसेक किलोमीटरवर माळरानावर कारखान्यांची रांग उभी राहिली. बजाज टेम्पो आली, आयशर आली, आणि १९८४ मध्ये पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांचा करार झाला. त्याआधी या मंडळींची लूना आपल्याकडे घरोघर होतीच. आता आली कायनेटिक होंडा. गिअर नाही, क्लच नाही, आणि बटण दाबलं की सुरू. या गाडीने आपल्या कॉलनीतल्या बायकांना जे स्वातंत्र्य दिलं ते कुठल्या भाषणाने दिलं नसेल. आमच्या हिने १९८८ मध्ये घेतली आणि शाळेत नोकरीला जायला लागली. त्याआधी चेतकला किक मारायचा तिने एकदाच प्रयत्न केला होता आणि पायाला प्लास्टर लागलं होतं.

बारा व्होल्टची बॅटरी, सेल्फ, इंडिकेटर, पेट्रोलचा काटा. आणि ठिणगीसाठी पॉइंट नाहीत, कंडेन्सर नाही. त्याऐवजी एक काळी डबी, जिला सगळे सीडीआय म्हणायचे. लाखेसारख्या घट्ट रसायनात भरून बंद केलेली. चालते तोवर चालते, गेली की नवी लावा. तिच्यात उघडण्यासारखं काही नाही, घासण्यासारखं काही नाही. पुढे बजाजच्या गाड्यांवरही 'इलेक्ट्रॉनिक' अशी अक्षरं यायला लागली.

हिची गाडी एकदा पावसात बंद पडली तेव्हा मी सवयीने उस्तादकडे ढकलत नेली. त्याने आपला दिवा लावून बघितला. बॅटरी ठीक, तारा ठीक, प्लगला ठिणगी नाही. ती काळी डबी काढून तळहातावर घेतली, उलटीपालटी केली, कानाशी धरून हलवली. "साहब, इसमें तो अंदर जाने का रस्ताच नहीं है." डबी चांगली की वाईट ते कळायला एकच उपाय, दुसरी लावून बघायची. आणि दुसरी डबी विकत घेऊन टपरीत ठेवण्याएवढं त्याचं भांडवल नव्हतं. गाडी शेवटी सर्व्हिस स्टेशनला गेली. तिथे पांढऱ्या कोटातल्या मुलाने पाच मिनिटांत डबी बदलून दिली. तो मुलगा आपल्याच कॉलनीतला होता, माझ्याकडे बघून हसला. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

आमच्या शाखेचा दुचाकी कर्जाचा आकडा त्या वर्षांत तिप्पट झाला. बहुतेक कायनेटिक होंडा. प्रत्येक अर्जावर सही माझी.

उस्तादचे हप्ते १९८७ पासून थकायला लागले. टेम्पोचं काम होतं, पण स्कूटरवाले कमी होत गेले. १९८८ मध्ये त्याला रजिस्टर्ड नोटीस गेली. नोटिशीखाली जी सही होती तीही माझी. ती मिळाल्यावर तो शाखेत आला, काउंटरवर तीनशे रुपये भरले, पावती घेतली आणि माझ्याकडे न बघता गेला. तरी मी गाडी त्याच्याकडेच नेत राहिलो, तोही काम करत राहिला. नोटिशीचा विषय आम्ही कोणीच काढला नाही.

१९९० च्या एप्रिलमध्ये त्याने माझ्या चेतकचं शेवटचं मोठं काम केलं. मॅग्नेटोच्या आतून येणाऱ्या तारांवरचं रबर उष्णतेने आणि तेलाने पार ठिसूळ झालं होतं, बोट लावलं की भुगा. त्याने पुलर लावून चाक काढलं आणि सगळ्या तारा नव्या घातल्या. बिल झालं बत्तीस रुपये. माझ्याकडे शंभराची नोट होती, त्याच्याकडे सुट्टे नव्हते. म्हटलं, सोमवारी देतो.

तो सोमवार काही ना काही कारणाने टळला, मग पुढचाही. आणि मग कर्जमाफी आली. १९९० ची, दहा हजारांपर्यंतची. शेतकरी, विणकर आणि ग्रामीण कारागिरांसाठी. शाखेत जत्रा लागली होती. त्यात एक दिवस उस्ताद पेपरचं कात्रण घेऊन आला. मी नियम सांगितला: योजना ग्रामीण कारागिरांसाठी आहे, तुझी टपरी शहराच्या हद्दीत येते, आणि तुझं कर्ज वेगळ्या योजनेतलं आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो साहब, मैं कारीगर नहीं हूँ?"

मी म्हटलं, तसं नाही, हद्दीचा प्रश्न आहे. नियमाने माझं बरोबर होतं, आजही बरोबर आहे. पण त्यानंतर त्याच्या टपरीसमोर गाडी उभी करायचा मला धीर झाला नाही. बत्तीस रुपये खिशात वेगळे ठेवून मी दोनदा त्या रस्त्याने गेलो आणि दोन्ही वेळा थांबलो नाही.

त्या पावसाळ्यात हेडलाइटचा बल्ब बदलताना माझ्याकडून आतली एक तार ओढली जाऊन तुटली. उस्तादकडे जायचं नाही म्हणून मीच ती पिळून जोडली आणि काळी टेप गुंडाळली. गाडी चालली. १९९१ मध्ये माझी बदली खरगोनला झाली. तिथे असताना जुन्या शाखेतल्या सहकाऱ्याने सहज सांगितलं की उस्तादचं खातं बंद झालं. राहिलेले हप्ते व्याजासकट भरले, सबसिडीची ठेव वळती झाली, नो ड्यूज घेऊन गेला. पैसे कुठून आणले ते माहीत नाही. मी १९९६ मध्ये परत आलो तेव्हा लिंबाचं झाड होतं, टपरीच्या जागी एसटीडी बूथ होता. कोणी म्हणालं देवासला गेला, कोणी म्हणालं महूकडे.

तर आता दिवाळीकडे येतो.

नातवाला मी म्हटलं, एक वेळी एकच तार. सगळ्या एकदम कापल्या तर कुठली कुठे जाते ते कळणार नाही. त्याने मीटर आणला होता, उस्तादच्या दिव्याचं काम तो 'पीं' असा आवाज करून करतो. मी जुन्या डायरीत लेजरसारखे रकाने आखले: कुठून निघाली, कुठे गेली, रंग, अवस्था. प्रत्येक टोकाला कागदाची चिठ्ठी. नातू हसला, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "आबा, तुमचं लेजर द्या जरा." एक तार जुळत नव्हती तेव्हा मी त्याला तेच सांगितलं जे नव्या कारकुनांना सांगायचो, आधी साधी चूक शोध. साधी चूकच निघाली, सांगाड्याला जिथे तार स्क्रूने घट्ट बसते तिथे गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासला, दिवा आला. जोड कसा करावा यावरून आमचं थोडं वाजलं. त्याचं म्हणणं, डाख दिलेली जागा कडक होते आणि थरथरीने तिथेच तार तुटते, त्यापेक्षा दाबून बसवायचे टोक चांगले. पुस्तकाने त्याचं खरं असेल. शेवटी आम्ही उंदराने खाल्लेल्या जागी त्याच्या पद्धतीने जोड केले, वर उष्णतेने आवळणारी नळी.

चौथ्या दिवशी सकाळी सहाव्या किकला गाडी सुरू झाली. पोर्चभर निळा धूर, ही आतून ओरडली. नातवाने हँडल धरून गाडी फाटकाबाहेर काढायला वळवली आणि गाडी बंद.

डावीकडे वळवली होती.

मी त्याला काही न बोलता डबीचं झाकण काढायला लावलं. ती एक तार सोड म्हटलं. सोडली, सुरू केली, डावीकडे वळवली, चालू. तो माझ्याकडे बघतच राहिला. "आबा, तुम्हाला कसं कळलं?"

हेडलाइट उघडून मानेतला गुंता बाहेर काढला. वर माझी १९९० ची काळी टेप होती. गोंद वितळून चिकट झालेला, टेप घसरलेली, आणि पिळलेलं तांबं उघडं, पत्र्याला टेकलेलं. तुटलेली तार कुठली होती तेही मी तेव्हा बघितलं नव्हतं, ती बटणाचीच होती. आणि तिच्या चार बोटं खाली, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याखाली, उस्तादचा १९८२ चा जोड. ट्यूब कडक होऊन फुटली होती. सुती नळी काळी पडली होती. दोन्ही टोकांच्या गाठी जागेवर. नातवाने मीटर लावला, पीं वाजलं. त्याने दोन्ही हातांनी ओढून बघितलं, नखाने खरवडून बघितलं, आणि म्हणाला, हा डाख असूनही कसा टिकला? मग स्वतःच म्हणाला, ढील ठेवली आहे ना, म्हणून वाकण्याचा ताण जोडावर येतच नाही.

माझा जोड कापून काढला, नवा केला. त्याचा तसाच ठेवला. फक्त ट्यूबचा तुकडा नवा चढवला, आपल्या चौकातल्या पंक्चरवाल्याकडून आणून.

नातू पुण्याला परत जाण्याआधी आम्ही दोघं राऊपर्यंत जाऊन आलो. तो चालवत होता, मी मागे. वाटेत त्याने सांगितलं की चेतक आता विजेवर आली आहे, कायनेटिकनेही २०२५ मध्ये जुन्या नावाची विजेची स्कूटर काढली आहे, आणि त्यात तर सगळं वायरिंगच. लिंबाचं झाड आता नाही, रस्ता रुंद झाला त्यात गेलं. अंदाजाने मी त्याला जागा दाखवली.

मंडळी, आता माझं एक काम आहे. १९८० ते १९९० च्या दरम्यान आपल्या कॉलनीच्या पुढे आग्रा-मुंबई रस्त्यावर लिंबाखाली जो ऑटो इलेक्ट्रिकवाला उस्ताद होता, त्याचा किंवा त्याच्या घरच्या कोणाचा पत्ता तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर मला घरी येऊन सांगा किंवा खासगीत कळवा. देवास किंवा महूकडची मंडळी जरा चौकशी करून बघा. वय आता सत्तरीच्या आसपास असेल. उंच होता, बोलताना एक पाय कशावर तरी ठेवायचा. माझ्याकडे त्याचे बत्तीस रुपये आहेत, १९९० च्या एप्रिलपासूनचे. व्याज किती होतं ते मी काढून ठेवलं आहे.